अकरा अनोळखी मशिनं

चाळीसपैकी एकोणतीस मशिनं सुरू झाली आणि अकरा झाली नाहीत. चाळीसच्या चाळीस आडवी झाली असती तर हेमकांतला एवढा धक्का बसला नसता. सगळंच कोसळलं की माणसाला एक प्रकारचा निवांतपणा येतो. कारण एकच असतं, मोठं असतं, कुठंतरी उघड्यावर उभं असतं, आणि शोधणाऱ्याला फक्त त्याच्यापर्यंत चालत जायचं असतं. पण अकरा हा काय आकडा झाला? बरं, ती अकरा एका रांगेतली नव्हती, एका भिंतीची नव्हती, एका स्विचवरची नव्हती. चार नंबर पडलं होतं आणि त्याला खेटून बसलेलं पाच नंबर खुशाल सुरू होतं. सतरा, अठरा पडली होती, मग एकदम तेवीस. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकायची, सर्व्हर शोधत आहे असं सांगायची, एकेक ठिपका पुढं सरकायचा, आणि अर्ध्या मिनिटाने पडदा कबुली द्यायचा की कोणी सापडलं नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. शनिवारची सकाळ होती, दहा वाजले होते, आणि शहाद्याच्या त्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये हेमकांत कमरेवर हात ठेवून उभा होता.

या लॅबमधल्या मशिनांची रीत साधी होती. त्यांच्या पोटात स्वतःचं असं काही ठेवलेलं नव्हतं. बटण दाबलं की मशीन तारेवरून हाक मारायचं, मी अमुक आहे, मला सांगा मी काय करू. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीतला सर्व्हर आपली यादी बघायचा, नाव सापडलं की त्याला पत्ता द्यायचा आणि विंडोजची अख्खी प्रत त्याच तारेवरून पाठवून द्यायचा. चौदा वर्षं हे असंच चाललं होतं. गेल्या मंगळवारी जुन्या सर्व्हरची डिस्क गेली आणि जाताना यादीही घेऊन गेली. गुरुवारी नाशिकहून नवा सर्व्हर आला. शुक्रवारी दिवसभर हेमकांत टेबलांखाली पालथा पडून, हातात टॉर्च धरून, एकेका मशीनच्या पाठीवरच्या चिठ्ठीवरला बारा अक्षरांचा नंबर, म्हणजे तारेवरचं त्याचं नाव, मोठ्याने वाचत होता, आणि काचेच्या खोलीच्या दारात बसून नवी आलेली रविना तो टाइप करत होती. आकडे असायचे आणि मधूनमधून ए पासून एफ पर्यंतची इंग्रजी अक्षरं. पहिली सहा सगळ्यांची सारखीच, ती एकदाच लिहून ठेवली होती. पुढची सहा प्रत्येकाची वेगळी. संध्याकाळी यादी पुरी झाली तेव्हा त्याची मान धरली होती, पण मन हलकं झालं होतं. चौदा वर्षांतलं हे शेवटचं काम होतं.

शेवटचं, कारण सोमवारी त्याला सुरतेला हजर व्हायचं होतं. एका इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात पक्की नोकरी लागली होती. बायको मयूरी आणि सात वर्षांची मुलगी जूनपासूनच तिकडे राहत होत्या. मयूरीला तिथल्या शाळेत काम मिळालं होतं. इकडून सुटल्याचं पत्र मात्र हजर होताना दाखवावं लागणार होतं. ते पत्र टाइप होऊन प्राचार्यांच्या टेबलावर पडलेलं होतं, फक्त सही राहिली होती. प्राचार्य उमाकांत सर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर हेमकांत केव्हाच सुटला असता. ते प्रेमाने अडवत. याआधी तीनदा त्याने राजीनामा दिला होता आणि तिन्ही वेळा त्यांनी समोर बसवून, चहा पाजून, खांद्यावर हात ठेवून तो त्याच्याच हाताने परत घ्यायला लावला होता. लोक म्हणतात गरज सरो वैद्य मरो. इथं गरज सरेना आणि वैद्य सुटेना. या खेपेला मात्र त्यांनी अट घातली होती. लॅब त्याच्या जागी आलेली रविना सांभाळू शकते एवढं डोळ्यांनी दिसू दे. सोमवारी याच चाळीस मशिनांवर विद्यापीठाची ऑनलाइन परीक्षा आहे. शनिवारी पाच वाजेपर्यंत रविनाने चाळीसच्या चाळीस सुरू करून दाखवली की सही. नाही दाखवली तर पत्र टेबलावरच.

त्याने कामाला सुरुवात केली ती शहाण्या माणसासारखीच केली. चार नंबरची केबल काढून पाच नंबरला लावली, पाचची चारला. पाच पुन्हा सुरू झालं, चार पुन्हा पडलं. म्हणजे तार निर्दोष. सगळ्या तारा जिथं एकत्र येतात त्या स्विचवरची भोकं बदलली, दोष मशीनबरोबरच राहिला. मशीन सुरू होताना आधी कुठं बघायचं, डिस्ककडे की तारेकडे, ती मांडणी दोन्हींवर उघडून शेजारीशेजारी ताडून पाहिली; तंतोतंत सारखी. मग तो काचेच्या खोलीत गेला आणि सर्व्हरच्या पडद्यासमोर बसला. तिथं इंग्रजीत ओळीमागून ओळ सरकत होती आणि तो ती मनात मराठीत वाचत होता. अनोळखी मशीन, उत्तर दिले नाही. अनोळखी मशीन, उत्तर दिले नाही. म्हणजे हाक पोचत होती. सर्व्हरला ऐकू येत होतं. तो मुद्दाम गप्प बसला होता, कारण तसा नियम होता, आणि तो नियम घालणारा हेमकांतच होता. मुलं स्वतःचे लॅपटॉप आणून तारेला लावायची म्हणून त्याने फार पूर्वी ठरवून टाकलं होतं की यादीत नाव नसेल त्याला ओ द्यायची नाही. त्याने कयास बांधला की नवा सर्व्हर यादी पुरती वाचत नसणार, कुठंतरी स्वल्पविराम सुटला असणार. त्याने यादी उघडली, स्वल्पविराम तपासले, कंस तपासले, ओळींच्या शेवटच्या खुणा तपासल्या. सगळं जागच्या जागी होतं. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. एकोणतीस उठली, अकरा नाही उठली.

"सर, यादी परत वाचून बघू का?" रविना दारातून म्हणाली होती. साडेदहा-अकराची वेळ असेल. ती धडगावकडच्या एका पाड्यावरची, पावरा आदिवासी घरातली. चोवीस वर्षांची, हळू बोलणारी, आणि शाळेत शिकलेलं मराठी इतकं जपून वापरणारी की प्रत्येक वाक्य इस्त्री केल्यासारखं बाहेर यायचं. "यादी मी वाचलीय," हेमकांत म्हणाला. तो एवढंच म्हणाला, पण ज्या सुरात म्हणाला त्या सुराची त्यालाच लाज वाटली. यादी मी वाचलीय म्हणजे ती चुकणार नाही. चौदा वर्षांत त्याला इथं पगारवाढ फार मिळाली नव्हती, बढती मिळाली नव्हती, पण एक गोष्ट मिळाली होती. हेमकांतने बघितलंय म्हटलं की कॉलेजात कोणी परत बघत नसे. त्या एवढ्याशा इज्जतीवर तो जगत आला होता. रविना "बरं सर" म्हणाली आणि आपल्या वहीत काहीतरी लिहीत बसली.

खोलीत एसी होता, पण तो सर्व्हरसाठी होता. माणसाने त्याच्या समोर बसलं की मान आखडायची आणि बाजूला बसलं की घाम यायचा. खिडक्यांना आतून कागद लावलेले होते, पडद्यांवर तिरीप पडू नये म्हणून. ते कागदही त्यानेच चिकटवले होते, सातआठ वर्षांपूर्वी, आणि आता बाहेर ऊन आहे की आभाळ हे कळायला मोबाइल बघावा लागे. त्याला एकदम कापसाची खोली आठवली. तापीकाठच्या त्यांच्या गावी दर घरात अशी एक खोली असायची. वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस तिच्यात माणूस बुडेल इतका भरून ठेवायचा. पोरं माळ्यावरून त्या कापसात उड्या मारत. आठ वर्षांचा असताना तो एकदा एकटाच वर चढला आणि उडी मारली. पहिल्या क्षणी काय मजा वाटली होती! ऊनऊन, मऊ, तेलकट वासाचं, आणि आपलं वजनच नाहीसं झालेलं. मग पाय टेकेना. हात मारावा तर कापूस बाजूला होई आणि तो आणखी खाली जाई. डोक्यावरून कापूस बंद झाला. त्याने हाका मारल्या, जिवाच्या आकांताने मारल्या, आणि त्याला कळलं की हाक तोंडाबाहेर जातच नाहीये, ओठांपाशीच कापूस ती गिळतोय. त्याला मात्र बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. भिंतीपलीकडे वडील, सुपडूशेठ, गाठोडी मोजत होते. त्यांचा तो संथ, न थांबणारा मोजण्याचा आवाज येत होता. आपण इथं संपतोय आणि बाबांची मोजणी चाललीय, हे त्या वयातही त्याला फार अन्यायाचं वाटलं. शेवटी आईने खालच्या दारातून पाय धरून ओढून काढला. वडील म्हणाले, हाक मारायची नाही का रे गाढवा. तो रडला नाही. इतक्या वर्षांत त्याने ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती, मयूरीलाही नाही. कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं? कापसात पडला आणि निघाला.

बारा वाजता शोभाबाई चहा घेऊन आल्या. कॉलेजात त्या त्याच्याही आधीपासून होत्या आणि कोणाच्या परवानगीशिवाय कुठंही शिरत, आणि बोलत ती इकडची अहिराणी. "दादा, सकायपाईन पानी बी पिदं नही तुमीन. कितल्या उठन्यात?"

"एकोणतीस."

"आन् बाकीन्या काबर नहीत उठी ऱ्हायन्यात?"

"सर्व्हर ओ देत नही, मावशी. त्याले ऐकू येस, पन तो गप बठेल शे."

"मन्ही सासू असीच व्हती," शोभाबाई बशी पुसत म्हणाल्या. "हाक मारी ते ओ दे नही, पन ऐकू समदं ये. तिले मी काय चुकाडं ते मरेपावत सांगं नही." आणि त्या रविनाकडे बघून हसल्या. रविना हसली नाही. तिने वही मिटली आणि मांडीवर ठेवली.

हेमकांत नव्या केबली आणायला बाजारात गेला. खरं तर केबलींचा दोष नाही हे त्याला ठाऊक होतं, पण बाहेर पडायला निमित्त पाहिजे होतं. बाहेर लख्ख ऊन होतं. बसस्टँडवर गाड्या लागल्या होत्या, कंडक्टर गावांची नावं ओरडत होते, केळीचा एक ट्रक वळायला जागा नाही म्हणून अडून बसला होता. सुरतेची गाडी फलाटाला उभी होती. ती रोजच असते. तो तिच्या दारापाशी उभा राहिला आणि त्याच्या मनात आलं की आत्ता चढावं. खिशात पाकीट आहे, मोबाइल आहे. पत्र नाही, ठीक आहे, पत्राचं काय ते बघू. कंडक्टरने विचारलं, "चढता का?" आणि हेमकांतने हातातली केबलींची पिशवी वर करून दाखवली, म्हणजे मी कामात आहे. कंडक्टरने मान डोलावली आणि दार ओढलं. परत येताना हेमकांतला स्वतःची कीव आली, आणि कीव आली याचा रागही आला. पिशवी दाखवायची काय गरज होती? नाही म्हणायचं होतं तर नुसतं नाही म्हणायचं.

दोन वाजता उमाकांत सर येऊन गेले. ते इतरांशी कॉलेजचं मराठी बोलत, पण हेमकांतजवळ आले की अहिराणीत शिरत. कोणावर जीव असला की त्यांची जीभ आपोआप गावाकडे वळायची. "काय करी ऱ्हायना, हेमा? अजून अकराच अडकेल शेत का?" ते मागे हात बांधून रांगेतून फिरले, काळ्या पडद्यांकडे मायेने बघत. "दख, मी शब्द देयेल शे. पोरनी करी दखाडं ते मी आत्ते सही करस. पन खरं सांगू का, तू चालना गया ते आमनं कसं व्हई रे भाऊ?" आणि मग रविनाकडे वळून शुद्ध मराठीत, थोड्या कोरड्या आवाजात, "जमतंय ना ताई?" रविना म्हणाली, "प्रयत्न करतेय सर." ते गेले. हेमकांतला वाटलं, हिलाही आपण अडकवून ठेवलंय. आपली सुटका हिच्या हातात, आणि हिच्या हातात काहीच नाही. त्याने नव्या केबली लावल्या. एकोणतीस उठली.

चार वाजता मोबाइल वाजला तेव्हा तो सतरा नंबरच्या मागे, टेबलाखाली, पालथा पडलेला होता. मयूरीने विचारलं, निघाला का? तो म्हणाला, अजून नाही. ती काही बोलली नाही. त्या न बोलण्यात याआधीचे तीन राजीनामे होते आणि ते दोघांनाही ऐकू आले. मग तिने फोन मुलीकडे दिला. सुरतेच्या शाळेत तीन महिने काढून पोरीच्या तोंडात आता चांगली गुजराती बसली होती. "पप्पा, हवे बे ज दिवस ने?" ती म्हणाली. आता दोनच दिवस ना? "हो," तो म्हणाला, "बे ज." आणि त्याच्या डोळ्यांसमोर, टॉर्चच्या उजेडात, सतरा नंबरच्या पाठीवरची चिठ्ठी होती, आणि तिच्यावर शेवटून तिसरा आकडा दोन होता.

तो हलला नाही. मुलगी काहीतरी सांगत होती, शाळेत कोणीतरी पडलं होतं. त्याच्या घरी दोनाला बे म्हणत. सगळ्या गुजर घरांत म्हणतात, तिथली बोली गुजरातीला लागून. वडील गाठोडी मोजत ती एक, बे अशी; आई भाकरी मोजायची ती तशी. चौथीत तो शहाद्याच्या शाळेत आला आणि गुरुजींनी फळ्यावर बोट ठेवून हे किती म्हणून विचारलं तेव्हा तो ताठ उभा राहून "बे" म्हणाला, आणि वर्ग हसून फुटला. पाढे म्हणताना सगळीच पोरं बे एके बे म्हणत, तेव्हा कोणी हसत नसे. पण नुसता, एकटा बे म्हणणारा तो बावळट ठरला. वर्षभर पोरं त्याला बे म्हणूनच हाक मारत. त्या वर्षी त्याने तो शब्द जिभेवरून उचलून आत कुठंतरी ठेवून दिला आणि दार लावून घेतलं. दोन म्हणायला शिकला, आहे म्हणायला शिकला. अहिराणीही शिकला, कारण गावात ती लागते. कॉलेजात कोणाला वाटलंही नसतं की हा माणूस घरी आणखी एक भाषा बोलतो. पण माणूस मोजतो ते आईच्या भाषेत. शुक्रवारी दिवसभर टेबलांखाली, मान आखडलेली, डोळ्यांत धूळ, घाई, सुरत डोक्यात, आणि जीभ तिच्या तिच्या वाटेने चाललेली. सात, बे, ई, चार. आणि दारात बसलेल्या रविनाला आकड्यांच्या आणि इंग्रजी अक्षरांच्या त्या गर्दीत ऐकू आलं ते बी. ए, बी, सी मधलं बी. तिने बी दाबलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. ज्या ज्या मशीनच्या नंबरात दोन होता ते ते यादीत दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने नोंदलं गेलं होतं. सर्व्हर बिचारा खरं बोलत होता. ही मशिनं त्याने कधी पाहिलीच नव्हती.

त्याला हसू आलं. टेबलाखाली पडल्यापडल्या तो एकटाच हसला, आणि हसताहसता त्याचे डोळे भरून आले. सुटलो, त्याला वाटलं. मग लगेच दुसरा विचार आला की हे आपण शोधून चालणार नाही. हे रविनाने शोधलं पाहिजे. आपण शोधलं तर हात दाखवून अवलक्षण. उमाकांत सर म्हणणार, बघा, शेवटी हेमकांतच लागला. तो बाहेर आला, गुडघे झटकले, आणि काचेच्या खोलीच्या दाराशी जाऊन शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाला, "रविना, तू सकाळी म्हणत होतीस ना यादी परत वाचू म्हणून. वाच बरं. सतरापासून घे. चिठ्ठी तू वाच, मी पडद्यावर बघतो."

रविनाने त्याच्याकडे पाहिलं. ती उठली नाही. तिने मांडीवरची वही उघडली आणि त्याच्यासमोर धरली. वहीत पेन्सिलीने अकरा नंबर लिहिलेले होते, एकाखाली एक, स्वच्छ अक्षरात. प्रत्येकात दोनच्या आकड्याभोवती गोल काढलेला होता.

"तुम्ही दोनला बे म्हणता, सर," ती म्हणाली.

"केव्हा कळलं?"

"सकाळी शंका आली. तुम्ही फोनवर घरी बोलताना बे म्हणालात तेव्हा. मग तुम्ही बाजारात गेलात, तेव्हा सगळ्या चिठ्ठ्या बघून घेतल्या. खरीखुरी बी अक्षरं वेगळी काढली."

म्हणजे बारापासून. उमाकांत सर येऊन गेले, जमतंय ना ताई म्हणाले, तेव्हा ही वही तिच्या मांडीवर होती. त्याला राग यायला हवा होता. तो आला नाही, त्याच्याऐवजी नुसता गोंधळ आला. "मग बोलली का नाहीस? मी तुला रागावलो म्हणून?"

"नाही सर." आपलं इस्त्रीचं मराठी तिने नीट जुळवलं आणि मग ते तसंच सोडून दिलं. "शोभामावशी सांगत होत्या, तुम्ही इथं आला ते सहा महिन्यांसाठी. मी पण सहा महिन्यांसाठीच आले, सर. मी हे दाखवलं की तुम्ही सुटणार. आणि ही खोली माझी होणार. मग मी चांगलं काम करणार, मला चांगलं काम येतं. मग उमाकांत सर मला ताई म्हणायचे थांबतील, प्रेमाने बोलायला लागतील." तिने खिडकीकडे पाहिलं, तिथं कागद होता. "मला कुठं जायचंय ते अजून माहीत नाही. पण कुठंतरी जायचंय. हे मी बोलायला नको होतं. तुमची पोरगी वाट बघतेय. मी दिवसभर पाप करत बसले."

हेमकांत खुर्चीवर बसला. सहा महिने. हे तो स्वतः विसरला होता. कापसात उडी मारल्यावर आधी काय मजा वाटते, आपलं वजनच राहत नाही. ही पोर अजून माळ्यावर उभी होती आणि खाली बघत होती, आणि तिच्या आधी पडलेल्याचे फक्त केस तिला दिसत होते. तो म्हणाला, "आण ती वही." ती म्हणाली, "तुम्हीच टाका सर. उमाकांत सर विचारतील, कोणी शोधलं. मी खोटं बोलणार नाही. पण मी आधी बोलणार नाही. तुम्ही सांगाल तसं." आणि ती बाहेर जाऊन चार नंबरसमोर उभी राहिली.

त्याने अकरा ओळी दुरुस्त केल्या. पाच मिनिटांचं काम. करताना तो मनाशी घोकत होता, रविनाने शोधलं, रविनाने शोधलं. यात खोटं काय होतं? अक्षरशः तिनेच शोधलं होतं, त्याच्याआधी चार तास. खरं बोलून स्वतःचा फायदा होण्याचा योग माणसाच्या नशिबात फारसा येत नाही. हेमकांतच्या वाट्याला तो आज आला होता, आणि तो सोडायचा म्हणजे निव्वळ कर्मदरिद्रीपणा. तिचं काय? ती तरुण आहे, हुशार आहे, बघेल तिचं ती. आपल्यासाठी कोण थांबलं होतं? त्याच्या मनात मयूरीचं ते न बोलणं आलं, पोरीचा आवाज आला. त्याने पक्कं केलं. मग सर्व्हर पुन्हा सुरू केला, आणि रविनाने एकेक बटण दाबत नेलं. चार उठलं. सात उठलं. सतरा, अठरा, तेवीस. काळे पडदे निळे होत गेले आणि शेवटचं उठलं तेव्हा पाचला दहा कमी होते.

उमाकांत सर दारातच थबकले. त्यांचा चेहरा खरोखर उजळला. त्यांनी रांगेतून चालत सगळे चाळीस पडदे पाहिले, एकदोन ठिकाणी माऊस हलवून बघितला, लहान मुलासारखे खूष झाले, आणि मग दोघांच्या मधोमध उभे राहून विचारलं, "कोनी शोधं?"

"मी," हेमकांत म्हणाला.

त्याने ते म्हटलं नव्हतं. म्हणजे त्याच्याच तोंडातून आलं होतं, त्याच्याच आवाजात, पण त्याने म्हटलं नव्हतं. चौदा वर्षं या माणसाने या खोलीत याच जागी उभं राहून हाच प्रश्न विचारला होता आणि चौदा वर्षं त्याचं एकच उत्तर होतं. प्रश्न आला आणि जीभ उत्तर देऊन मोकळी झाली, मालकाला न विचारता. "माले माहीत व्हतं!" उमाकांत सर म्हणाले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आते तूच सांग हेमा, तुले कसा सोडू? परीक्षा व्हऊ दे. दिवाई व्हऊ दे. मंग दखू ना भो आपन. सुरत काय पयी जाई ऱ्हायनं का?" अजूनही वेळ होती. नाही सर, चुकलं, हिने शोधलं, ही बघा वही, एवढंच म्हणायचं होतं. उमाकांत सर आणखी दोनतीन मिनिटं तिथंच होते, परीक्षेच्या बैठकीचं बोलत होते, आणि हेमकांत तोंड उघडायच्या तयारीत होता. त्याने रविनाकडे पाहिलं आणि तिथंच त्याचं चुकलं. ती त्याच्याकडे बघत होती. आजपर्यंत कोणी त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं, बायकोनेही नाही. तिला वाटत होतं की त्याने हे तिच्यासाठी केलं.

सर गेले. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. रविना जवळ आली आणि त्याला काही कळायच्या आत तिने वाकून त्याच्या पायांना हात लावला. अगं, नको, मी तुझ्यासाठी नाही बोललो, ते आपोआप गेलं तोंडातून, मला जायचं होतं, मी तुझं नाव घोकत बसलो होतो आतमध्ये. हे सगळं त्याच्या घशापर्यंत आलं. त्यातलं एक अक्षर जरी बाहेर पडलं असतं तर तो अजूनही सुटला असता, आणि ती अडकली असती, आणि वर तिला हेही कळलं असतं की तिच्यासाठी कोणी काही केलेलं नाही. ती उभी राहिली. डोळे पुसून तिने आपली पिशवी उचलली, वही पिशवीत टाकली. धडगावची गाडी साडेपाचला सुटते.

"जा," हेमकांत म्हणाला, "बस चुकेल."